साखर सोडून सांग

मिल्या, तुझ्या शोकसभेत मी तुला सत्कारमूर्ती म्हणालो.

तोंडातून निघून गेलं. कारखान्यातल्या निवृत्तीच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन इतकी वर्षं माझ्याच गळ्यात आहे, की माईक हातात आला की जीभ आपली आपण चालायला लागते. शिरूरच्या शाळेचा हॉल, सतरंजीवर बसलेली माणसं, टेबलावर तुझा फोटो, फोटोला हार, आणि मी म्हणतोय, "आजचे आपले सत्कारमूर्ती डॉक्टर मिलिंद." हॉलमध्ये पंख्याचा तेवढा आवाज राहिला. सावरायला गेलो तर आणखी खोल गेलो. म्हणालो, "म्हणजे ते इथं असते, तर सत्कारमूर्तीच असते." मागं कुणीतरी खोकलं. पाच मिनिटं दिली होती, मी दोन मिनिटांत खाली बसलो. आयुष्यात पहिल्यांदा वेळेच्या आत भाषण संपवलं आणि ते बघायला तू नव्हतास.

तू असतास तर चष्मा काढून डोळे पुसत हसला असतास आणि म्हणाला असतास, "लेखी दे बे."

सभा उठली, लोक चपला शोधायला लागले, तेव्हा तुझ्या आईनं मला हाक मारली. पारूमावशी भिंतीला टेकून बसली होती. रडून झालेलं होतं तिचं. माझा हात धरून म्हणाली, "वैजनाथ, उद्या घरी ये. त्यो म्हणलाता, वैज्या आला की आमी दोघं मिळून तुला नीट सांगतो, मी काय काम करतो ते. आता तू एकलाच ऱ्हायला. तू सांग."

मी येतो म्हणालो. मावशीला नाही म्हणायची आपल्या दोघांनाही सवय नव्हती. पण माजलगावला परतताना एसटीत मला घाम फुटला. अख्ख्या बीड जिल्ह्यात तुझं काम सगळ्यात वाईट रीतीनं सांगणारा माणूस कोण, तर मी. एकदा सांगून मी काय करून ठेवलं होतं ते तुला माहीत, मला माहीत आणि मावशीच्या घरातल्या भिंतीला माहीत.

आपली ओळख राखेनं करून दिली. परळीचं कॉलेज, तू होस्टेलवर शिरूरहून आलेला, मी गावातल्या किराणा दुकानदाराचा मुलगा. आमचे वडील रोज सकाळी तराजूची पारडी फडक्यानं पुसायचे, कारण वीजकेंद्राच्या चिमणीची राख पारड्यात बसायची आणि वडील सचोटीचे होते, गिऱ्हाइकाला राख विकणार नाहीत. आम्हा परळीकरांना ती राख दिसायचीच नाही. वाळत घातलेल्या धोतरावर, केळीच्या पानावर, देवळाच्या पायऱ्यांवर असायचीच ती. तू मात्र आल्या आठवड्यातच होस्टेलच्या गच्चीच्या कठड्यावरची राख पोस्टकार्डानं गोळा केलीस आणि प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलीस.

मी तुला ढकलून आधी डोळा लावला. काय दिसलं, तर गोल, चकचकीत, एकाशेजारी एक शेकडो गोळ्या. मी तिथल्या तिथं जाहीर केलं की ही किड्याची अंडी आहेत. वर्गात सांगितलं, कँटीनमध्ये सांगितलं, घरी सांगितलं. दिवस मावळेपर्यंत आमच्या गल्लीतल्या दोन बायकांनी डब्यातलं पीठ म्हशीपुढं टाकलं आणि वडिलांनी मला दुकानात पाय ठेवायची बंदी केली. तू दोन दिवस काही बोलला नाहीस. तिसऱ्या दिवशी मला परत प्रयोगशाळेत नेलंस. एका काचपट्टीवर राख आणि दुसऱ्या काचपट्टीवर मीठ.

"राख बघ. भट्टीत इतळली, हवेत उडाली, उडता उडता थिजली. म्हून गोल. काच हाय ती, आत कशाचा कशाला मेळ न्हाई. आता मीठ बघ. कोपरे दिसतात? आतला एक एक कण रांगेत उभा हाय, म्हून भाईर कोपरा येतो. ह्याला स्फटिक म्हणतात."

मग तू राखेतच बराच वेळ काहीतरी शोधत बसलास. त्या सगळ्या गोल गोळ्यांत एक टोकदार तुकडा होता. एकच. तो मला दाखवून म्हणालास, "आता ह्यो हितं कसा आला?" मला भूक लागली होती. मी म्हणालो, आला असेल. तू जन्मभर तेवढंच विचारत राहिलास आणि जन्मभर मला भूक लागलेली होती.

त्या दिवशी तू वहीचं पान फाडून माझ्याकडून लिहून घेतलंस : "मी, वैजनाथ, लेखी देतो की राख अंडी घालत नाही." खाली तू लिहिलंस, "मंजूर", आणि सही ठोकलीस. तिथून आपला कायदा पडला. भांडणात जो हरेल त्यानं लेखी द्यायचं, जिंकणाऱ्यानं खाली मंजूर लिहायचं. मंजूर लिहिल्याशिवाय भांडण मिटलं असं धरायचं नाही. माझ्या चिठ्ठ्यांनी तुझा बिस्किटाचा पत्र्याचा डबा भरत गेला. तुझ्या मला दोनच मिळाल्या. त्यातली एक, माझे पोहे तुझ्यापेक्षा बरे होतात अशी. ती अजून माझ्या पाकिटात आहे, घडीवर फाटत चाललीय.

पुढं तू पुण्याला गेलास, ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या मोठ्या संस्थेत लागलास. मी माजलगावकडच्या कारखान्यात पॅनवर आलो, म्हणजे उसाचा पाक आटवून त्यात साखरेचा दाणा बांधायचं काम. पहिल्यांदा तुला भेटायला पुण्याला आलो तेव्हा बायकोनं बांधून दिलेले धपाटे काखेत मारून तुझ्या संस्थेत शिरलो आणि दारातच विचारलं, दुर्बीण कुठं आहे. तू मला एका खोलीत नेलंस. टेबल, खुर्ची, संगणक, पडद्यावर एक वाकडी रेघ. मी म्हणालो, "मिल्या, मला वाटलं तू तारे बघतोस. तू तर रेघ बघतोस बे."

तू रागावला नाहीस. धपाटा मोडून खाता खाता ती रेघ मला समजावलीस. नवा तारा जन्मतो तेव्हा त्याच्याभोवती वायूची आणि धुळीची मोठी चकती फिरत असते. त्या धुळीतूनच पुढं ग्रह होतात, आपली पृथ्वी तशीच झाली. ही धूळ दोन ताऱ्यांमधल्या पोकळीतून येते तेव्हा परळीच्या राखेसारखी असते, काचेसारखी, आत मेळ नसलेली. तिच्यातून येणारी उष्णतेची किरणं मोजली तर रेघेला एक पसरट उंचवटा येतो. पण तीच धूळ ताऱ्याजवळ जाऊन तापली की आतले कण रांगेत येतात, तिचे स्फटिक होतात, आणि मग उंचवट्यावर सुळके उभे राहतात. "बालाघाटचा डोंगर लांबून बघ," म्हणालास. "सपाट पाठ. त्याच्यावर सुळका दिसला की समज, तिथं दाणा बांधला."

दाणा हा माझा शब्द होता. तो तू माझ्याच समोर वापरलास म्हणून मला चेव आला. मी म्हणालो, नुसतं तापवून कधी दाणा बांधतो का? आम्ही आधी पाक आटवतो, त्यात दाण्याचं बी सोडतो, वाट बघतो. कोरडी साखर तापवत बसलं तर काळी होते, करपते. आधी वितळलं पाहिजे, मग थंड झालं पाहिजे, तर दाणा. तू म्हणालास, बाटलीची काच घे, तापव, पण वितळू देऊ नको. पाळी संपेपर्यंत ठेव, मग बोलू.

मी परत आलो आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचा तुकडा कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या भट्टीत ठेवला. न विचारता. आणि विसरलो. एक पाळी नाही, दोन पाळ्या. मुख्य केमिस्टसाहेबांनी त्यांचा नमुना ठेवायला भट्टी उघडली तर आत त्यांच्या बशीत माझी काच. मला मेमो मिळाला. पण मिल्या, ती काच. आकार तोच, कडा त्याच, कुठंही ओघळलेली नाही, आणि आरपार दिसणारी काच नासलेल्या दुधासारखी पांढरी, खरखरीत झालेली. भिंगाखाली धरली तर अंगावर बारीक रांगोळीसारख्या काड्या उमटलेल्या. मी तो तुकडा चिठ्ठीत गुंडाळून तुला पाठवला : "मी लेखी देतो की न वितळता, नुसतं तापूनही काचेला शिस्त लागते." तू खाली लिहून पाठवलंस, "मंजूर. वैज्याला अजून लागायची आहे."

आता ते सांगतो जे सांगायचं टाळत इथपर्यंत आलो.

शिरूरला तुझा सत्कार ठरला तेव्हा ओळख करून द्यायला मलाच सांगितलं होतं. तू आधी बजावलं होतंस, दोन वाक्यांत उरक. मी बावीस वाक्यं बोललो. समोर ऊसतोडीला जाणारी माणसं बसलेली, त्यांच्यात मावशी. मला वाटलं ह्यांना कळेल असं सांगावं. म्हणालो, आमच्या मिलिंदनं ताऱ्याभोवती स्फटिक शोधलेत. स्फटिक म्हणजे काय? आपली साखरच धरा. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर माझं काय होतं ते तुला माहीत आहे. मी पुढं म्हणालो, तुम्ही जी साखर खाली करता, ती ह्यानं वर गाठली. आणखी टाळ्या. तिथं एक वार्ताहर होता. दोन दिवसांनी तुझ्या फोटोसकट बातमी आली, शिरूरच्या सुपुत्रानं आकाशात साखर शोधली.

मला ती बातमी लई आवडली. मी पंचवीस अंक विकत घेतले. तुझ्या संस्थेच्या पत्त्यावर एक मीच पाठवला, हे मी तुला कधीच सांगितलं नाही. तुला वाटलं कुणीतरी खोडसाळपणा केला. तो अंक तिथल्या फलकावर लागला. पुढं कित्येक दिवस तुझ्या टेबलावर कुणी ना कुणी साखरेची पुडी ठेवून जायचं. मराठीतून शिकलेला, ऊसतोडीच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत वाढलेला माणूस तिथं कसा उभा राहिला होता ते मला कळायला हवं होतं. मी परळीच्या पक्क्या दुकानाच्या गादीवर वाढलो. मला हसू म्हणजे हसूच वाटायचं.

तू फोन केलास. ओरडला नाहीस. म्हणालास, "वैज्या, तिथं माझ्यावर कुणी हसू नये म्हून मला वीस वर्सं लागली." आणि ठेवलास.

आठ महिने आपण बोललो नाही. मग दिवाळीत तुझा फोन आला, जसं काही झालंच नाही असा, आणि मीही पोह्यांवर बोललो. त्या चुकीची चिठ्ठी तू मागितली नाहीस. मी दिली नाही. मी रोज ठरवायचो. मग ठरवायचो की आता इतके दिवस झाले, उगाच कशाला आठवण काढा. माझ्यासारख्या बडबड्याला एक ओळ लिहायला कितीक वर्षं पुरली नाहीत ते तूच बघ.

आणि मग आपलं शेवटचं भांडण, जे तू अर्धंच ठेवून गेलास.

तुझा फोन एका दुपारी आला. मी पॅनपाशी होतो, नीट ऐकू येईना, बाहेर येऊन, ऊस टाकतात त्या गव्हाणीच्या बाजूला उभा राहिलो. तू लहान पोरासारखा बोलत होतास. म्हणालास, तोच टोकदार तुकडा, वैज्या, तोच प्रश्न. स्फटिक घडतात ताऱ्याजवळच्या धगीत. पण सापडतात कुठं, तर धूमकेतूत, सूर्यमालेच्या पार काठावर, जिथं पाणी दगडासारखं थिजलेलं असतं. तिथं कधी आग नव्हतीच. मग ते तिथं गेले कसे? मी माझ्या धंद्यातलं उत्तर दिलं. आमच्याकडं पॅनमधून काढलेला माल लांब हौदात जातो, तिथं पंखे सावकाश फिरत राहतात. ह्या टोकाचा दाणा त्या टोकाला जातो, कुणी फेकावा लागत नाही. घुसळण असणार. तू म्हणालास, घुसळण खोटी नाही, पण ती सावकाश आहे. हे एवढे दाणे तिनं नेले असं मला वाटत नाही. एक तारा आहे, मधूनच भडकतो. भडकला की जवळच्या धुळीत सुळके दिसतात. आणि त्याच चकतीतून वर जोराचा वाराही सुटलेला दिसतो. त्या वाऱ्यावर बसून दाणे जात असतील. "मला वाटतं, आगच फेकते."

मी हसलो. म्हणालो, आग खाते बे, फेकत नाही. आमच्या भट्टीत रोज ढिगानं चिपाडं जातात, एकतरी परत आलेलं बघितलंस का?

मग म्हणालास, "तू परळीचा ना?" मी म्हणालो, हो, त्याचं काय. म्हणालास, "काय न्हाई. इचार कर." आणि मग, "उन्हाळ्यात शिरूरला येतो. आईला एकदा नीट सांगायचंय, मी काय करतो ते. तू ये. पण मधी बोलायचं न्हाई."

उन्हाळा आला. तू आलास तो गाडीत आडवा. मी मधे बोललो नाही, मिल्या. तेवढं मात्र पाळलं.

तर शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी मावशीकडं गेलो. दोन खोल्या, पत्रा, दारात तुळस नाही, तू लावलेलं ते शेवग्याचं झाड. आत बुद्धाच्या तसबिरीशेजारी, प्लास्टिकमध्ये मढवून, चारी कोपऱ्यांना खिळे मारून, ती बातमी. आकाशात साखर. तुझा फोटो. मला वाटलं, बसायच्या आधीच उठावं.

मावशीनं पाणी दिलं आणि पुण्याहून तुझ्या सामानात आलेला बिस्किटाचा डबा पुढं ठेवला. म्हणाली, ह्यात काय हाय ते वाचून दाव, कागदं हायेत नुस्ती. मी वाचायला लागलो. राख अंडी घालत नाही. मी लेखी देतो की चंद्रग्रहणात पाणी पिऊन पोट दुखलं ते भज्यांमुळं. मी लेखी देतो की दुर्बिणीतून बघण्याला आणि बघितल्यासारखं करण्याला फरक आहे. मावशी आधी पदर तोंडाला लावून ऐकत होती, मग हसायला लागली, मग तिचं हसणं आणि दुसरं काहीतरी एकत्रच यायला लागलं, आणि मी वाचत राहिलो, कारण थांबलो असतो तर आम्हा दोघांनाही ते झेपलं नसतं. डबा संपला. साखरेची चिठ्ठी त्यात नव्हती. कुठून असणार?

मी भिंतीकडं बोट केलं. म्हणालो, मावशी, एक सांगायचंय. ते जे छापलंय ते खरं नाही. आभाळात साखर नाही. मी चुकीचं सांगितलं, तुमच्यापुढं, गावापुढं.

"मला ठावं हाय," मावशी म्हणाली. "त्यानंच सांगितलंतं. साखर न्हाई म्हून."

"मग काढलं कसं नाही?"

"मी काढाया निघालते. त्योच म्हणला, ऱ्हाऊ दे. वैज्यानं केलंय, ऱ्हाऊ दे."

मी पाण्याचा तांब्या उचलला. त्यात पाणी नव्हतं. तरी तोंडाला लावून ठेवला.

"आता सांग," ती म्हणाली. "पर साखर सोडून सांग."

मिल्या, साखर काढून घेतली तर माझ्याकडं काय उरतं? मी चुलीपाशी गेलो. मग चुलीतली राख चिमूटभर तळहातावर घेतली आणि तिथून सुरू केलं. ही धूळ, ही आतून विस्कटलेली. हिला ताऱ्याची धग लागली की ही आतून रांगेत येते. तुमचा मिलिंद लांबून नुसती धग मोजायचा आणि सांगायचा की कुठली धूळ अजून विस्कटलेली आहे, कुठली रांगेत आली. ह्याच धुळीचे पुढं ग्रह होतात, ह्याच धुळीची ही जमीन झाली. ही जमीन व्हायच्या आधी काय चाललं होतं ते तो बघायचा. मी फुलवलं नाही. टाळ्यांची वाट बघितली नाही. मावशी मान हलवत होती. मग मी तुझा प्रश्न सांगितला. घडतं आगीपाशी, सापडतं पार लांब, थंडीत. कसं गेलं, ह्यावर आमचं भांडण होतं. मी म्हणत होतो सावकाश घुसळत गेलं. तो म्हणत होता आगीनंच फेकलं. आणि ते काही त्याला सिद्ध करता आलं नाही, राहूनच गेलं.

"त्यात काय शिद्ध करायचं," मावशी म्हणाली. "आगच फेकती की."

मी म्हणालो, कसं काय?

मग तिनं जे सांगितलं ते मी तुला तसंच सांगतो, मधे न बोलता. तू सहा-सात महिन्यांचा होतास. ती दोघं उसाच्या फडावर होती. तुला कोपीत झोपवून, कोपीच्या दाराला पेंढी लावून ती आणि तुझे वडील तोडायला गेले होते. फड कॅनॉलच्या अलीकडं, कोप्या पलीकडं, लांब. भर दुपारी कुणीतरी तुटलेल्या फडातलं पाचट पेटवलं आणि वारं उठलं. "वारं आधी नव्हतं," मावशी म्हणाली. "जाळ झाला तवा वारं झालं. जाळच वारं करतो. त्या वाऱ्यात पानं वर गेली, लाल लाल, ह्या घरावरून त्या घरावर उडी मारावी तशी, कॅनॉलवरून पलीकडं. मला कोपी दिसंना. मी कोयता टाकून पळाले. कॅनॉलात उतरले, पदर वला केला, त्येच्यानं इझवीन म्हून. कोपीत जाऊन बघते तर ह्यो हसतोय. अन् ह्येच्या पोटावर उसाचं पान. काळं. अख्खंच्या अख्खं, शिरा दिसत्यात. मी हात लावला. थंडगार व्हतं."

ती बराच वेळ तळहाताकडं बघत होती, जणू पान अजून तिथं आहे.

मी विचारलं, हे तुम्ही मिलिंदला सांगितलं होतं?

"न्हाई," ती म्हणाली. "त्यानं कधी इचारलं न्हाई. त्यो आला की मला सांगायचा. तुमी दोघंबी सांगायचेच की रं."

ह्यावर, मिल्या, तूही बोलू नकोस.

मग मला तुझं "तू परळीचा ना" आठवलं. मिल्या, मी परळीचा. चिमणी माझ्या डोक्यावर होती. भट्टीतलं उचलून ती कोसावरच्या केळीच्या पानावर ठेवत होती, आमच्या वडिलांच्या पारड्यात ठेवत होती, आणि मी गव्हाणीपाशी उभा राहून तुला सांगत होतो की आग फेकत नाही. ते उदाहरण तुझ्या ओठावर होतं. तू दिलं नाहीस, मला आपलं आपण सुचावं म्हणून थांबलास. मला सुचलं तेव्हा तुला जाऊन दहा दिवस झाले होते.

मला माहीत आहे, पाचटाचं पान म्हणजे पुरावा नाही. तू इथं असतास तर तूच मावशीला म्हणाला असतास, आई, तसं नसतं, आधी मोजावं लागतं. ताऱ्याचं जे काय असेल ते तुझ्या मागचे लोक मोजतील, कदाचित माझी घुसळणही थोडी खरी निघेल. पण भांडण आपलं होतं, आणि आपल्या भांडणात मी हरलो. मी मावशीकडं कागद मागितला. तिनं कॅलेंडरचं मागचं पान फाडून दिलं. लिहिलं : "मी, वैजनाथ, मूळ राहणार परळी, लेखी देतो की आग फेकते." मावशीला वाचून दाखवलं.

"खाली त्याचं मंजूर लागतं न्हवं?" ती म्हणाली. "आन हिकडं पेन."

तू तिला सही शिकवली होतीस ना, दोन सुट्ट्या खर्चून. मी मंजूर लिहून दिलं आणि त्याच्याखाली तिनं पेन कोयत्यासारखं मुठीत धरून लिहिलं, पारू. रूचा उकार ओळ सोडून पार कडेला गेला. चिठ्ठी तिनं डब्यात टाकली.

मग मी दुसरी लिहिली. उरलेल्या अर्ध्या पानावर. तिला फार वेळ लागला नाही, इतकी वर्षं तोंडपाठच होती : "मी लेखी देतो की साखर मी म्हणालो. टाळ्यांसाठी म्हणालो. अंकसुद्धा मीच पाठवला. मिल्या, चुकलो." तीही वाचून दाखवली आणि पेन पुढं केलं.

मावशीनं पेन घेतलं नाही.

"ही न्हाई," ती म्हणाली. "ही मी कशी करू? ही त्याची हाय."

मी म्हणालो, तुम्ही केलं तरी चालेल, मावशी. ती म्हणाली, न्हाई बाबा, आणि उठली, चहाचं आधण ठेवायला. पाठमोरीच म्हणाली, घडी नीट कर, फाटंल.

ती चिठ्ठी मी पाकिटात ठेवलीय, पोह्यांच्या चिठ्ठीशेजारी. खाली जागा सोडली आहे.